डीटी १७५: पिस्टन आला, पण त्याला खिडकीच नाही

चिखलवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस या फोरमवर नुसता वाचत होतो, आता गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय.

गाडी मामांची, यामाहा डीटी १७५ एमएक्स, मातीत चालवायची टू-स्ट्रोक मोटरसायकल. त्यांनी शेवटची किक मारली तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर सोळा वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी, टाकीत तेव्हाचंच पेट्रोल. मामा आता चालवत नाहीत, पण दर रविवारी फोन करून म्हणतात, "आवाज ऐकव." काय ऐकवू, पान्याचा?

किक खाली जाईना म्हणून हेड काढलं तर पिस्टन मधोमध अडकलेला. वरून डिझेल आणि गिअर ऑइल ओतून ठेवलं. रोज संध्याकाळी क्रँकच्या टोकाला असलेल्या मॅग्नेटच्या नटवर पाना लावून थोडा जोर इकडे, थोडा तिकडे. हातोडा लावला नाही, एवढं माझ्या बाजूने नोंदवून घ्या. नवव्या दिवशी पिस्टन केसभर सरकला आणि मी शेडमध्ये एकटाच ओरडलो.

तिथे थांबायला हवं होतं. पण उत्साहाच्या भरात तीन दिवसांत अख्खी गाडी सोडवली. क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो तो इंजिनाचा खालचा डबा, तीसुद्धा उघडली. नट-बोल्ट सगळे एका बादलीत. फोटो काढलेत साधारण चाळीस, त्यातल्या निम्म्यांत माझा अंगठाच ठळक आलाय.

आता मुद्द्याचं. पिस्टनच्या माथ्यावर ५० असा शिक्का आहे, म्हणजे मूळ ६६ मिमीपेक्षा अर्धा मिमी मोठा; सिलिंडर एकदा तरी बोअर (आतून कापून मोठा) झालेला आहे. सिलिंडरला एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे आहेत, नखाला लागतात. म्हणून पुढच्या मापाचा, ६६.७५ चा पिस्टन ऑनलाइन मागवला. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, "डीटी १७५ ला बसतो". आला. व्यास बरोबर, रिंगा बरोबर, दिसायला देखणा. फक्त जुन्या पिस्टनच्या स्कर्टला (खालच्या घेराला) मागच्या बाजूला खिडक्या आहेत आणि हा आहे सपाट. विकणारा म्हणतो, "चालतो हो, बरेच जण लावतात." परत घ्यायलाही तयार नाही.

खरंच चालतो का? शिवाय कार्ब्युरेटर आणि इंजिनामधलं रबर भेगाळलंय, टाकीत गंज आहे, उजव्या कव्हरचे तीन स्क्रू घासून गोल झालेत. आणि एक जण तशाच मॉडेलची भंगारातली गाडी अख्खी द्यायला तयार आहे. घेऊ का?

जुनंलोखंड

खिडकी नसलेला पिस्टन लावू नकोस.

तुझ्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मध्ये रीड आहे, म्हणजे पोलादाच्या किंवा फायबरच्या पातळ जिभा. क्रँककेसने ओढलं की उघडतात, दाब आला की मिटतात. येणाऱ्या मिश्रणाला दार आहेच, मग पिस्टनने तीच वाट पुन्हा अडवायचं कारण काय? म्हणून स्कर्टला खिडक्या. सपाट स्कर्ट लावलास तर वाट उघडणार पिस्टन वर गेल्यावरच. रीड असून नसल्यासारखा. गाडी चालू होईल, विकणाऱ्याचं तेवढं खरं, पण खालच्या आरपीएमला जो दम असायला हवा तो जाईल, आणि माती-चढावर तुला तोच लागतो.

तुझ्याकडे आलेला पिस्टन माझ्या अंदाजाने सीटी-१ चा आहे. ती यामाहाचीच १७५, १९६९ ते १९७१. बोअर ६६, स्ट्रोक ५०, १७१ सीसी, म्हणजे आकडे हुबेहूब तुझ्याच गाडीचे. पण त्या इंजिनात रीड नाही, पिस्टनच दार उघडतो आणि मिटतो, म्हणून स्कर्ट सपाट. रीड यामाहाने १९७२ च्या मॉडेलांपासून आणला. विकणाऱ्याने यामाहा, १७५, ६६ एवढं पाहिलं आणि पाटी लावली. घरच्या घरी ड्रिल घेऊन खिडक्या पाडायचं मनात आलं असेल तर ते तिथेच सोड. कोपऱ्यातून चीर जाते, आणि ती गेलेली कळते तेव्हा स्कर्टचा तुकडा क्रँककेसमध्ये असतो.

आता माझं खरं म्हणणं. गाडीच्या नावाने पार्ट शोधणं बंद कर. नंबराने शोध.

यामाहाच्या पार्ट नंबरचे पहिले तीन अक्षर-आकडे म्हणजे तो पार्ट मुळात ज्या मॉडेलसाठी काढला त्याचं सांकेतिक नाव. पुढचे पाच आकडे म्हणजे वस्तू काय आहे ते: ११६३१ म्हणजे स्टँडर्ड मापाचा पिस्टन, ११३५१ म्हणजे सिलिंडरखालचं पॅकिंग, ११1८१ नव्हे, नीट लिहितो, १११८१ म्हणजे हेडचं. (चष्मा शोधतो थांब.) त्यापुढचे दोन आकडे सुधारणेचे, आणि रंगीत वस्तू असेल तर शेवटचे दोन रंगाचे. एकदा हे डोक्यात बसलं की पार्ट्स बुक वाचायला मजा येते. तुझ्या गाडीच्या पानावर एखाद्या नंबराच्या सुरुवातीला भलत्याच मॉडेलचा कोड दिसला की समजायचं, हा पार्ट उसना घेतलाय. म्हणजे तो दुसऱ्या गाडीतही आहे, आणि ती गाडी जास्त खपली असेल तर पार्ट अजून मिळतोय. क्लच केबल, लिव्हर, पेट्रोल कॉक, फूटरेस्टची स्प्रिंग असल्या वस्तू मला कायम अशाच सापडल्या, भलत्याच गाडीच्या नावाखाली.

आणि ९३ ने सुरू होणारे नंबर आले की यामाहाला विसर. ९३१०१, ९३१०२ म्हणजे ऑइल सील, ९३३०६ म्हणजे बॉल बेअरिंग. या वस्तू मोटरसायकल कंपन्या सहसा स्वतः बनवत नाहीत. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०३ असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४०, जाडी १२, कुणीही बनवलेलं असो. ०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतला व्यास मिळतो: ६२०४ चा २०, ६२०५ चा २५. क्रँकला मात्र मागे सी३ लिहिलेलंच घ्यायचं. त्यात गोळ्यांना जरा जास्त फट असते. इंजिन तापलं की बेअरिंग आवळतं, साधं असेल तर रडायला लागतं. सीलवरही माप असतं, आतला, बाहेरचा, जाडी. पुसलं गेलं असेल तर कॅलिपरने घे, पण सीलच्या ओठाचं माप घेऊ नकोस, तो झिजून फाकलेला असतो. शाफ्टचं घे.

मी तीन टू-स्ट्रोक उभ्या केल्यात (चौथी अजून खोक्यात आहे, तिच्याबद्दल घरात बोलायचं नाही), त्यातून एवढं कळलं: फिरणारं सगळं मिळतं, न फिरणारं मिळत नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सील, चेन, स्प्रॉकेट, ब्रेक शू आज ना उद्या मिळतील. साइड पॅनेल, टाकीचं मूळ झाकण, सीटचा खालचा पत्रा, सायलेन्सर, एअरफिल्टरचा डबा, हेडलाइटचे कान यांसाठी वर्षं जातात. म्हणून भंगारातली गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिनाकडे ढुंकूनही बघू नकोस. प्लास्टिक बघ. पॅनेलं शाबूत, टाकी न चेपलेली, सायलेन्सर न सडलेला, तर डोळे मिटून घे. नुसतं "इंजिन फिरतंय" म्हणून विकत असेल तर राहू दे.

स्क्रूचं कोणीतरी सांगा, माझं जेवण निवतंय.

अर्धवट मिस्त्री

स्क्रूचं मी सांगतो, कारण माझे अकरा गेलेत.

जपानी गाडीवरचा चौफुली स्क्रू आणि आपला नेहमीचा फिलिप्स पेचकस यांची जात वेगळी. फिलिप्सचं टोक खाचेत तळाला टेकतच नाही, म्हणून जोर दिला की उसळून वर येतं आणि कडा खातं. जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा पेचकस घ्या. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका असेल तर तो बहुतेक जेआयएसच समजायचा. घट्ट असेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर, ज्यावर हातोडा मारला की तो दाबतोही आणि वळवतोही. तुमच्या तीन गोल झालेल्यांसाठी आधी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट टोकाला लावून बघा, दाणे पकड देतात. नाहीच निघाले तर डोकं ड्रिलने उडवा. कव्हर निघालं की उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने हाताएवढ्या जोरात फिरतो, कारण ताण गेलेला असतो. तिथे परत चौफुली लावू नका, ॲलन बोल्ट लावा. शुद्धतावादी ओरडतील.

जुनंलोखंड

ओरडलो. पण मीही ॲलनच लावतो.

बोअरबद्दल राहिलं. पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर बोअर करायला टाकू नकोस. ६६.७५ लिहिलेले दोन कंपन्यांचे पिस्टन एका मापाचे असतीलच असं नाही, आणि हवा-थंड टू-स्ट्रोकला पिस्टन-सिलिंडरमधली फट शतांश मिलिमीटरमध्ये मोजतात. फट कमी पडली तर पहिल्याच चढावर जाम, जास्त झाली तर खडखड. लेथवाल्याला पिस्टन द्यायचा, पिस्टनबरोबर आलेला फटीचा कागद द्यायचा, आणि सांगायचं की याला जुळवून कर. ७५ झाला की तुझ्या हातात ६७.०० हे एकच माप उरतं, त्यापुढे नवीन स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी). म्हणून घाई नको.

बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांच्या) कडा धारदार राहतात. त्या हलक्या हाताने मारून घ्यायला सांग, नाहीतर रिंग अडकून तुटते. हे न सांगता करणारे थोडे. आणि रिंग बसवताना तिची फट पिस्टनच्या खोबणीतल्या खुंटीवर आली पाहिजे. ती खुंटी रिंग फिरून पोर्टसमोर येऊ नये म्हणूनच असते.

केस उघडलीच आहेस तर क्रँकची दोन्ही सील बदल. प्रश्न विचारूच नकोस, बदल. मॅग्नेटच्या बाजूचं गळलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिन रेसमध्येच राहतं आणि एक दिवस पिस्टन वितळतो. क्लचच्या बाजूचं गळलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि जळतं: मागे पांढरा धूर, खाली ऑइल कमी. मामांच्या गाडीला एक्झॉस्टच्याच बाजूला ओरखडे का पडले असतील याचं उत्तर मला त्या डाव्या, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूच्या सीलमध्येच दिसतंय.

कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली ओढून बघ. आडवा थोडा खेळ असतो, असायलाच हवा. वर-खाली जराही टक् झालं तर रॉड किट. आणि ते प्रेसने बसवल्यावर क्रँक सरळ करून घ्यावा लागतो, ०.०३ मिमीच्या आत. हे घरी होत नाही.

तिसरा गिअर

टाकी: रंग मूळ असेल तर आत खडे-साखळ्या घालून हलवू नका, बाहेर पोचे येतात. मी इलेक्ट्रोलिसिसने केली. पाण्यात धुण्याचा सोडा, टाकीला बॅटरी चार्जरची निगेटिव्ह, आत लटकवलेल्या साध्या लोखंडी सळईला पॉझिटिव्ह. सळई टाकीला कुठेही टेकता कामा नये. दीड दिवसात आतून राखाडी झाली. सळई स्टेनलेस स्टीलची वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. नंतर धुऊन लगेच गरम हवेने वाळवा आणि टू-स्ट्रोक ऑइल फिरवून ठेवा. मी वाळवून चहाला गेलो, परत आलो तर टाकी पुन्हा लाल.

एक विरोधी सूर लावतो. एवढं मूळ पार्टांच्या मागे लागून गाडी कधी चालवणार? सहा व्होल्टचा दिवा रात्री मेणबत्तीसारखा. हँडल, टायर, दिवे आजचे लावा आणि मातीत घाला. ती त्यासाठीच बनलीय.

चिखलवाट

तिसरा गिअर, पटतंय, पण मामांना फोटोत त्यांचीच गाडी दिसायला हवी. दिवा मेणबत्तीच राहणार.

पाच आठवड्यांनी हजर होतोय. जुनंलोखंड काकांचं ऐकून पार्ट्स बुक छापून घेतलं आणि बादली जमिनीवर पालथी केली. प्रत्येक बोल्टचं माप घेऊन पुस्तकातल्या चित्राशी जुळवला. दोन रविवार गेले. शेवटी चार बोल्ट उरले आणि दोन कमी पडले, हे गणित अजून सुटलेलं नाही. आता पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवतो. आधी सुचलं असतं तर.

भंगारातली गाडी बघायला गेलो. मालक इंजिनाचं कौतुक करत होता आणि मी खाली बसून साइड पॅनेलच्या खुंट्या मोजत होतो. उजवं पॅनेल, एअरफिल्टरचा डबा आणि सायलेन्सर चांगला. घेतली. खिडकीवाला ६६.७५ चा पिस्टन नंबरावरून आठवड्यात मिळाला, मग बोअर केला. लेथवाल्याला पोर्टच्या कडांचं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

डावं सील काढलं तर त्याचा ओठ लाकडासारखा कडक. बोटाने वाकवला तर तुटला.

इंजिन जोडून झालंय. आता एक भीती. ऑटोलूब पंप, म्हणजे इंजिनाला वेगळ्या टाकीतून ऑइल देणारा पंप, सोळा वर्षं कोरडा आहे. त्याच्यावर विश्वास ठेवू की पेट्रोलमध्येच ऑइल मिसळू?

जुनंलोखंड

पहिल्या टाकीपुरतं दोन्ही. लिटरला ३० मिली ऑइल पेट्रोलमध्ये घाल आणि पंपही चालू ठेव. धूर होईल, प्लग काळा पडेल, पडू दे. पंपाला हवा काढायचा स्क्रू असतो, तो ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत ऑइल वाहू दे. नळी कडक झाली असेल तर आधी नळी बदल. पंप ऑइल देतोय याची खात्री झाल्याशिवाय साधं पेट्रोल टाकायचं नाही.

पण किक मारायच्या आधी गळती तपास. एक्झॉस्टच्या तोंडाला रबर आणि पट्टी लावून बंद कर, कार्ब्युरेटर काढून त्या रबरी नळीच्या तोंडात सायकल ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच घाल, प्लग आवळलेला ठेव. हातपंपाने ६ पीएसआय हवा भर आणि घड्याळ लाव. सहा मिनिटं काटा जवळजवळ जागेवर राहिला पाहिजे, मिनिटाला एकाहून जास्त उतरला तर कुठेतरी गळतंय. साबणाचं पाणी लावून शोध. ६ च्या वर जाऊ नकोस, नवी सीलं बाहेर ढकलशील.

चिखलवाट

चाळीस सेकंदांत शून्य!

सीलं कोरडी, पॅकिंग कोरडं, बेस कोरडा. बुडबुडे येत होते त्या कार्ब्युरेटरच्या रबराच्या खालच्या बाजूने. भंगारातल्या गाडीचं होतं, वरून ठणठणीत दिसत होतं म्हणून लावलेलं. क्लॅम्पच्या खाली, जिथे डोळा जातच नाही, तिथे लोखंडी तोटीपासून रबर सुटलेलं. तसंच चालू केलं असतं तर नव्या पिस्टनचीही तीच गत. नंबर बघितला तर काय, सुरुवातीचा कोड दुसऱ्याच मॉडेलचा! नवंकोरं मिळालं. परत हवा भरली, सहा मिनिटांत काटा अर्ध्या पीएसआयने हलला.

आज सकाळी सातवी किक. धूर इतका की शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या. मामांना फोन लावून मोबाइल सायलेन्सरजवळ धरला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "क्लच केबल जरा ओढून ठेव, दुसरा पडताना अडकते." दोन किलोमीटर चालवली, दुसरा पडताना अडकली.

आता राहिला तो सपाट पिस्टन. ६६.७५, रिंगा-पिनसकट, कागदसुद्धा फाडलेला नाही. टेबलावर पडलाय, त्यात पेन्सिली ठेवतोय.

काजळीवाला

पेन्सिली काढा!! माझ्याकडे सीटी-१ आहे, १९७० ची. वर्षभर पिस्टन शोधतोय, सिलिंडर अजून ६६.५० वरच आहे आणि पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायचा नाही म्हणून थांबलोय. माथ्याचा, स्कर्टचा आणि रिंगच्या खुंटीचा फोटो टाका, पिनचा व्यास आणि पिनपासून माथ्यापर्यंतची उंची कॅलिपरने मोजून लिहा. माझ्या जुन्याशी जुळलं तर तुम्ही म्हणाल ते द्यायला तयार आहे. डाव्या बाजूचं पॅनेल लागतंय ना तुम्हाला? माझ्याकडे एमएक्सचं एक आहे, एक खुंटी तुटलेलं.

चिखलवाट

खुंटी मी चिकटवतो. फोटो संध्याकाळी टाकतो, कॅलिपर बादलीत आहे.